दमयंतीसाठी रडणाऱ्या फुईला

फुई,

पत्राची सुरुवात 'प्रिय' लिहून करायची, असं शाळेत बाईंनी शिकवलं होतं. मी तसं लिहिलंही, मग खोडलं. खोटं कशाला लिहू? मी तुला कधी प्रिय नव्हते, आणि नंतर नंतर तूही मला नव्हतीस.

परवापर्यंत तुला काही लिहायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. पण काल पांडेसऱ्यात मामाच्या खोलीवर, तू गेलीस म्हणून, बायका बसायला आल्या होत्या. चाळीतली शांताबाई मामीच्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "किती मायाळू होती हो तुमची नणंद! टीव्हीत कुणी रडलं तरी हिचा पदर ओला व्हायचा!" बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. मी स्टोव्हपाशी चहा गाळत होते. एक नवीन बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "तू कोण गं? नात्यातली का?"

मामी खाली बघत राहिली. मी सगळ्यांना चहा दिला, कप धुतले आणि चलथाणची बस धरली. बसमध्ये ते 'मायाळू' घशाशी येत होतं. गिळता येईना की थुंकता येईना. म्हणून हे लिहायला बसलेय.

मायाळू! तू!

आठवतं का तुला, आपण गावाहून आलो तो दिवस? माझ्या बापानं दुसरी बायको घरात आणली आणि तुला हाकललं. तू मला बखोटीला धरून गाडीत बसवलंस. मी सहा वर्षांची. उधना स्टेशनावर मामा आपल्याला घ्यायला येणार होता. तो येण्याआधी तू मला एका खांबाआड नेलंस आणि म्हणालीस, "आजपासून माले माय म्हनू नको. मामानी पोरं म्हनतीन तसं फुई म्हन."

फुई म्हणजे आत्या. मी विचारलं, "का?"

तू माझ्या तोंडावर चापट मारलीस. फार जोरात नव्हती ती. पण तेवढंच उत्तर मला मिळालं.

मोठी झाल्यावर मला कारण कळलं. टाकलेल्या बाईला लोक एक वेळ खपवून घेतात, पोर गळ्यात असलेल्या टाकलेल्या बाईला नाही. तू चाळीत सांगितलंस, की ही माझ्या चुलत बहिणीची पोर, आईबाप मेलेली, मी सांभाळते. सगळ्यांना तुझं कौतुक वाटलं. मामा-मामीला खरं माहीत होतं. तेही गप्प राहिले. तुझी भीती होती त्यांना, आणि दयाही येत होती.

मलाही तुझी दया यायची. खोटं का बोलू? रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायचीस तेव्हा वाटायचं, जावं आणि पाठीवर हात ठेवावा. एकदा ठेवला. तू तो झटकलास आणि म्हणालीस, "दूर सरक. त्याच्यासारखाच वास येतो तुला."

लहान पोरीला बापाचा वास येतो?

तुझं सगळं जग म्हणजे ती बुधवारची मालिका. मामानं मिलमध्ये जादा पाळ्या करून जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला तेव्हापासून चाळीतल्या बायका दर बुधवारी आपल्या खोलीत दाटीवाटीनं बसायच्या. दिवसभर मजुरीवर साड्यांचे सुटे धागे कापून बोटं आखडलेली, पण त्या वेळी कुणाच्या मांडीवर साडी नसायची. तू पुढे, टीव्हीला अगदी चिकटून. मालिका सुरू झाली की धुकं, कडाडणारी वीज, डोंगरावरची हवेली, पडद्यामागून येणारा मेणबत्तीचा उजेड. मामाची पोरं किंचाळून मामीच्या पदरात शिरायची.

तुझं लक्ष भुतांकडे नसायचंच. तू बघायचीस दमयंतीला. हवेलीतली थोरली लेक. अर्धा चेहरा भाजलेला, त्यावर काळी ओढणी. लग्न ठरलेला माणूस तिला टाकून दुसरीशी लग्न करून गेला, मग मेला, आणि त्याची लहान पोर नशिबानं दमयंतीच्याच हवेलीत आली. त्या पोरीला दमयंती बुरुजातल्या खोलीत कोंडून ठेवायची. जिन्याखाली मुका काशी बसलेला असायचा. तो दरवान. त्यालाही कुणी नव्हतं. तो चोरून पोरीला भाकरी द्यायचा.

दमयंती आरशावर कापड टाकून रडू लागली की तूही रडायचीस. हुंदके देऊन! "बिचारीले कोनी नही वं... इतकी मोठी हवेली, पन मायेनं हात फिरवनारं कोनी नही." बायका तुला पाणी द्यायच्या. एकदा मी पाणी घेऊन आले तर तू तांब्या घेतलास, माझ्याकडे बघितलंही नाहीस आणि म्हणालीस, "बाजूला हो, दिसत नाही."

बुरुजातली पोर दार ठोकायची तेव्हा मात्र तू कधी रडली नाहीस. मी लक्ष ठेवून असायचे. एकदाही नाही. एकदा मामी म्हणाली, "अहो, पोरीचा काय दोष त्यात?" तू फणकारलीस, "तिच्याकडे बघितलं की दमयंतीला तो आठवत असेल. तुला काय कळणार!"

मामीला कळलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला परात घासायला बाहेर पाठवलं.

आता शहरात प्लेग आला त्या दिवसांचं लिहिते. ते लिहिल्याशिवाय हे पत्र संपणार नाही.

मला आठवतंय ते असं. गल्लीत सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. मिल बंद. औषधाच्या दुकानापुढे मारामारी. जो तो बोचकी बांधून निघालेला, रिक्षात, टेम्पोत, पायी. सकाळी चाळ भरलेली असायची आणि दुपारी दारांना कुलपं दिसायची. मामाच्या ओळखीच्या एका माणसाचा ट्रक धुळ्याकडे निघणार होता. आपण सगळे त्यात जाणार होतो.

त्याच दिवशी मला ताप भरला. मी चौदा वर्षांची होते. दात वाजत होते, अंगावर दोन गोधड्या. मामा ट्रकवाल्याशी बोलायला गेला होता. तू माझ्या कपाळाला हात लावलास. आयुष्यात पहिल्यांदा, फुई! आणि मला, मूर्खाला, बरं वाटलं. मी डोळे मिटून घेतले.

मग तू मामीला म्हणालीस, "हिला नेलं तर नाक्यावर अडवतील. अंग तपासतात म्हणे. हिच्यापायी सगळ्यांना उतरवतील."

मामी म्हणाली, "मग काय टाकून जायचं? तुमची पोर आहे ती."

"हळू बोल!" तू म्हणालीस. तेवढीच तुझी काळजी.

मामा आला. म्हणाला, "तुम्ही पोरांना घेऊन जा. मी थांबतो हिच्याजवळ." तो बोलला तसं वागला असता. मामाला मी ओळखते. पण तू त्याला सांगितलंस, की समोरच्या लक्ष्मीबाईशी बोलणं झालंय, ती गावाला जात नाहीये, ती पाहणार आहे, तू चल, तुझी पोरं लहान आहेत. मामाचा विश्वास बसला. तू त्याची थोरली बहीण. त्यानं माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या आणि बिस्किटं ठेवली आणि "येतो बेटा" म्हणत डोळे पुसत गेला.

तू सगळ्यात शेवटी निघालीस. उंबऱ्यात उभी राहिलीस. मी म्हटलं, "माय, जाऊ नको."

चुकून नव्हते म्हणाले. मुद्दाम म्हणाले.

तू दार ओढून घेतलंस. आणि बाहेरून कडी घातलीस.

का घातलीस गं कडी? मी पळून ट्रकमागे येईन म्हणून? मला तर उठताही येत नव्हतं. का कुणाला समजू नये म्हणून, की आत कुणी आजारी आहे? कितीदा विचार केला मी याचा. तू गेलीस, आता उत्तर तर मिळणार नाही. तू असतानाही कुठे मिळत होतं म्हणा.

लक्ष्मीबाईशी तू एक शब्द बोलली नव्हतीस. बोलणार कशी? तुझ्या लेखी ती परभणीकडची विधवा, एकटी, मूलबाळ नसलेली, बुधवारीसुद्धा न येणारी माणूसघाणी बाई. तिला कुणीच आपल्यात घेत नव्हतं. ती तिचे धागे कापत दारात बसायची.

संध्याकाळी तिला कुलपाशिवाय नुसती कडी घातलेली दिसली. सगळ्या चाळीत कुलपं आणि इथं कडी, म्हणून तिनं दाराला कान लावला. मी कण्हत होते. तिनं कडी काढली आणि आत येऊन एकदम खालीच बसली. "आगं माझ्या लेकरा! आन् समदे गेले की गं! तुला अशीच ठिवून गेले?"

मी म्हटलं, "तुम्ही लांब राहा. मला प्लेग असेल."

"आसू दे," ती म्हणाली. "माझ्यामागं रडायला कोण हाय?"

तिनं मला उचलून तिच्या खोलीत नेलं. मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. तोंडाला पदर बांधून दवाखान्याच्या रांगेत उभी राहिली आणि डॉक्टरला हाताला धरून घेऊन आली. मलेरिया होता. साधा मलेरिया, फुई! चार कडू गोळ्यांनी उतरला.

ताप उतरला तो बुधवारच होता. मी तिला म्हटलं, आमच्या खोलीत टीव्ही आहे, बघायचं का? तिला हौस नव्हती. माझ्यासाठी आली. रिकाम्या खोलीत आम्ही दोघी बसलो. मी पहिल्यांदा टीव्हीसमोर बसले होते, अगदी तुझ्या जागेवर. आणि तो शेवटचा भाग निघाला.

लक्ष्मीबाईला काही माहीत नव्हतं. ती विचारत राहिली, "ही कोण? रडतीया कशापायी?"

मी सांगितलं, "ही दमयंती. हिच्यावर कुणी प्रेम करत नाही."

लक्ष्मीबाईनं थोडा वेळ बघितलं. मग म्हणाली, "आन् हिनं कुणावर केलं?"

तेव्हापासून मला तुझी दया आलेली नाही.

मिल सुरू झाल्या तशी माणसं परत आली. तुम्हीही आलात. मी लक्ष्मीबाईच्या दारात धागे कापत बसले होते. मामा धावत आला, माझं डोकं छातीशी धरलं. मामी रडली. तू मागून आलीस, पिशवी खाली ठेवलीस. काय विचारलंस आठवतं?

"बुधवारी लाइट होती का?"

आणि मग, "दमयंतीनं काय जयं?"

दमयंतीचं काय झालं, म्हणे! तुझ्या गावाकडे लाइटच नव्हती. चाळीतलं कुणीच इथं नव्हतं. शेवट काय झाला ते फक्त मला माहीत होतं, आणि लक्ष्मीबाईला, पण तिला नावंही आठवत नव्हती. मी तुला सांगितलं नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. कुणी म्हणायचं दमयंतीनं बुरुजावरून उडी मारली, कुणी म्हणायचं तिचा चेहरा बरा झाला आणि लग्न झालं. तू सगळं ऐकायचीस आणि चोरून माझ्याकडे बघायचीस. मी धागे कापत राहायचे. तेवढं एकच माझ्याकडे असं होतं, जे तुला हवं होतं.

लक्ष्मीबाईनं मामाला कडीचं सांगितलं. मामा ओरडला नाही. रंगखात्यात काम करून त्याचे हात कायम निळे-जांभळे असायचे, ते हात मांडीवर ठेवून तो उंबऱ्यात बसला. मग तुला म्हणाला, "ताई, ती तुझ्या पोटची आहे."

तू म्हणालीस, "मी काय करू? तिच्याकडे बघितलं की त्याचं थोबाड दिसतं."

मामा म्हणाला, "मग बघू नको. आजपासून ती समोर राहील."

अशी मी लक्ष्मीबाईकडे गेले. गल्ली ओलांडायची, एवढंच अंतर. तिनंच मला दहावीपर्यंत शिकवलं, तिनंच चलथाणच्या साखर कारखान्यात कामाला असलेलं स्थळ बघितलं. लग्नात मामा-मामीनं कन्यादान केलं. तू पहिल्या पंगतीला जेवलीस. माझ्या सासूनं विचारलं, "तुम्ही मुलीच्या कोण?" तू म्हणालीस, "मी तिची फुई." घास चावत चावत!

या पावसाळ्यात मामानं सांगितलं, की तुझं काही खरं नाही. पोटात पाणी झालंय, सिव्हिलमध्ये ठेवलंय. मी यायला नको म्हणत होते. नवरा म्हणाला, जाऊन ये, नाहीतर पुढे तुलाच त्रास होईल. त्याला वाटतं सगळ्या आया त्याच्या आईसारख्या असतात.

तू केवढीशी झाली होतीस. हाता-पायांच्या काड्या आणि पोट फुगलेलं. नर्स गुजराती होती. तिनं मला विचारलं, "तमे कोण? दीकरी छो?" लेक का, असं विचारत होती ती. मी तोंड उघडायच्या आत तू पडल्या पडल्या म्हणालीस, "भाची छे."

मरणाच्या दारातसुद्धा, फुई! त्या नर्सला काय पडलं होतं? तुला आता कोण हसणार होतं? तिनं मान हलवली आणि ती सलाइन बघायला निघून गेली.

मी जायला उठले. तेव्हा तू माझा पदर धरलास. दुपारची वेळ, शेजारच्या खाटेवरची बाई घोरत होती. तू म्हणालीस, "आतं तरी सांग. दमयंतीनं काय जयं?"

मला हसू आलं आणि रागही आला. पण मी बसले. आणि सांगितलं.

सांगितलं, की हवेलीला आग लागते. सगळे पळतात. दमयंती एकटी जिना चढून वर जाते, बुरुजाचं दार उघडते. ओढणी काढून टाकते. पोरीपुढे दोन्ही हात पसरते. पोर तिच्याकडे बघते, बाजूनं निघून जाते आणि खाली उभ्या असलेल्या मुक्या काशीचा हात धरते. दमयंती तशीच उभी राहते. मग धूर येतो, आणि संपतं.

तू छताकडे बघत होतीस. मला वाटलं आता हुंदके देशील. पण नाही रडलीस. म्हणालीस, "तिनं हाक माराले पाहिजे व्हती पोरीले. हाक मारती तर पोर थांबती."

"हो," मी म्हटलं. "थांबली असती."

मी उठले. पिशवी घेतली. चप्पल घालायला उगाच वेळ लावला. वॉर्डच्या दारापर्यंत हळूहळू चालत गेले. दारात थांबले, पाठ करून. आपल्यात किती अंतर होतं? चार खाटा? तुझा आवाज मला नक्की ऐकू आला असता.

तू हाक मारली नाहीस.

दुसऱ्या दिवशी मामाचा माणूस निरोप घेऊन आला. अग्नी मामानं दिला. मी बायकांत मागे उभी होते. डोळे कोरडे. लोकांना वाटलं असेल, दूरची असेल कुणीतरी.

आता मला जे सांगायचं ते सांगते आणि पत्र संपवते. तुझ्या दहाव्याला मी येणार आहे. स्टोव्हपाशी बसणार नाही. चहा गाळणार नाही. काल निघतानाच मामाशी बोलले, तो म्हणाला, "तुझा हक्क आहे." लेक बसते तिथं मी बसेन, शेजारी लक्ष्मीबाईला बसवेन. ती नको म्हणेल, तिला हाताला धरून बसवेन. आणि शांताबाईनं, नव्या बाईनं, कुणीही विचारलं, की तू कोण गं, तर सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं सांगेन, की मी हिच्या पोटची पोर आहे. पुढे कुणी कडीचं विचारलं तर तेही सांगेन. तुला मायाळू म्हणून मी जाऊ देणार नाही, आणि बेवारस म्हणूनही नाही. तुझं जे होतं तेवढंच, तसंच सांगेन.

तुला हे आवडणार नाही, ठाऊक आहे मला. पण या वेळी तुला विचारत नाहीये मी.

सुमन